मिसरी म्हणजे काय तंबाखू?

नववा महिना लागला होता आणि सकाळपासून पोटातलं बाळ हललंच नाही, म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला अंबडहून एस.टी.ने जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे ठोके मोजायचं मशीन नवंच आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला उताणं निजवून पोटावर पट्टा बांधला. बाळ हललं की ठोके वाढायला हवेत, त्या म्हणाल्या. कागदावरची रेघ मात्र जवळजवळ सपाट.

"काही खाल्लंत?"

"चहा घेतला."

"तंबाखू खाता?"

"न्हाई बाई." मला रागच आला. आमच्यात तंबाखू गडीमाणसं खातात.

"काहीतरी खाऊन या. पुन्हा असंच आलं तर आजच सिझर करावं लागेल."

बाहेर बाकावर मी केळं कसंबसं गिळलं. हातपाय गार पडले होते. आत्याबाईंनी डबी पुढे केली. "लाव जराशी मिसरी. जीव थाऱ्यावर येईन."

मी बोट भरून लावली. मला बरं वाटलं. आत गेले, पट्टा बांधला, तर रेघ तशीच.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष माझ्या काळ्या बोटाकडे गेलं. "हे काय?"

"मिसरी. दात घासायची."

"ती कशाची करतात?"

दर बाजारानंतर मीच तव्यावर तंबाखू भाजून कुटायची. तरी उत्तर देताना गोंधळले. तंबाखू सासऱ्यांच्या चंचीत, मिसरी मोरीच्या कोनाड्यात. दोन्ही एकच, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

सिझरचं ठरवण्याआधी त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, दारातल्या आत्याबाईंना डबी बंद ठेवायला सांगितली आणि बराच वेळ थांबवलं. तिसऱ्यांदा रेघ वर चढली. मी रडले.

"मंग मिसरीनंच झालं का?"

"असेल. बाळ झोपलं असेल, तुम्ही उपाशी होतात, उताण्या होतात. एकच कारण नाही सांगता येत."

मी एक उत्तर मागितलं, त्यांनी चार दिली.

परतीच्या एस.टी.त आत्याबाई डबी मुठीत धरून बसल्या होत्या. अंबड जवळ आल्यावर म्हणाल्या, "माझी दोन पोटातच गेली. ते मिसरीनंच का गं?"

"एकच कारण न्हाई सांगता येत," मी म्हणाले.

तेवढ्यात बाळानं लाथ मारली. हात पोटावर ठेवावा की त्यांच्या मुठीवर, मला कळेना.