गच्चीवरचे दोन तास

संत्र्याची साल सोलली, की त्या वासासरशी मला तो रविवार आठवतो आणि गोड फोडही आंबट लागते. अकोल्यात जठारपेठेतल्या घरी पंख्याखाली बसून मी नात्यातल्या पोरांना लॅपटॉपवरून ऑनलाइन भूमिकांचा खेळ खेळवायचो, ज्यात जो तो आपापल्या घरून एकेक पात्र होऊन खेळतो. नकाशा माझा, राक्षस माझे, थाटही माझाच. मोर्शीची भाची त्या दिवशी पहिल्यांदाच खेळात आली होती, तिच्या घरून मोबाइलवर. आपल्या योद्धीचं चित्र तिनं आठवडाभर खपून काढलं होतं. तीच तिची नकाशावरची सोंगटी. गुहेत शिरताच ती म्हणाली, "मामा, मले तं निरा काळंच दिसून राहिलं." मी म्हटलं, "मले सगळं चकाचक दिसते. तुह्याच रेंजचा घोळ असन, गच्चीवर जाय!" बिचारी गेली. बाकीची पोरं राक्षसाला बडवत होती, ही दोन तास उन्हात काळा पडदा बघत होती, आणि मी तिच्याच घरची संत्री खात होतो. खेळ संपल्यावर आवरताना दिसलं, तिच्या सोंगटीच्या सेटिंगमध्ये नजर चालू करायची मीच विसरलो होतो. ती बंद असली, की खेळणाऱ्याला सगळं काळंच दिसतं; खेळ चालवणाऱ्याला मात्र सगळा नकाशा दिसतोच, त्यामुळे मला कळलंही नाही. लगेच फोन करायला हवा होता, पण मामाचा रुबाब आडवा आला. आमच्या घरी रेंजच नसते, असं म्हणून ती पुन्हा खेळायला आली नाही. आज मोर्शीहून संत्र्यांची पेटी आली, मागोमाग तिचा फोन. "मामा, गच्चीवर आता पत्रे टाकले. येऊ का खेळायले?" मी म्हटलं, "ये, पण घरातच बस." "अन् रेंज?" तिनं विचारलं, आणि मी घाईघाईनं अख्खी फोड तोंडात कोंबली.