टॉवेलाखालचा फोन

माझ्या मामाला दिसायचं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यानं बाजार काही सोडला नव्हता. मामा आटपाडीकडचा, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे गेले, तरी बाजाराच्या दिवशी कडक टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून स्वारी हजर. बोकडाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की त्याचं वय, वजन आणि वजन वाढवायला मालकानं सकाळी मीठ चारून किती पाणी पाजलंय, सगळं सांगायचा. तेही अशा आवाजात की अख्ख्या बाजाराला ऐकू जावं. आमच्या आजोळी हळू बोलणं कुणाला जमतच नाही. मीही त्यातलीच.

भाव मात्र गुपचूप. आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात जुन्या चालीची माणसं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. वरती पाऊसपाण्याच्या गप्पा आणि खाली घासाघीस. शेजारी उभ्या असलेल्याला कितीही मान वाकडी करू दे, काही कळत नाही. टॉवेलाखालचं डोळसालाही दिसत नाही, त्यामुळे मामाचं तिथं काही अडलं नाही.

अडलं ते फोनपाशी. लोक रोख द्यायचे बंद झाले आणि “मामा, पाठवलं बघा” म्हणायला लागले. बघा म्हणे! बघणार कशानं? मग मामानं फोन शेजारच्याच्या हातात द्यायचा आणि त्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्यानं खरं वाचलं का खोटं, देव जाणे. आणि टॉवेलाखाली एवढा जपलेला भाव लगेच चहाच्या गाड्यापर्यंत जायचा. पुढचं गिऱ्हाईक तोच भाव धरून बसायचं.

एक दिवस मामीचा फोन आला. “आगं, तुझा मामा आता बाजाराला जायाचं न्हाई म्हणतोय. नुसता सोप्यात बसून हाय. चा बी मागत न्हाई.”

मामा चहा मागत नाही म्हणजे गोष्ट हाताबाहेर गेलेली.

मी मलकापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मला वाटलं, एवढंच ना? पहिल्या सुट्टीला आजोळी गेले आणि मामाच्या फोनमधली बोलायची सोय चालू करून दिली. ती त्याच्या फोनमध्ये पहिल्यापासून होती, कुणी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर बोट ठेवलं की त्याखाली जे असेल ते फोन बाईच्या आवाजात वाचून दाखवतो, आलेला मेसेजही वाचतो. मामा दिवसभर बोट फिरवत बसला. मामी चुलीपासून ओरडली, “त्या बयेला आता जरा गप कर! नवऱ्यासंगं माझ्यापरास जास्त ती बोलाय लागलीया.” मी भलतीच खूश होऊन परत आले.

बाजाराच्या दिवशी दुपारीच मामाचा फोन. “तुझ्या ह्या फोनाला तोंड लय हाय!”

झालं होतं असं की बाजाराच्या गलक्यात ऐकू यावं म्हणून मामानं आवाज पूर्ण मोठा केला होता. बोकड विकलं, पैसे आले आणि त्या बाईनं भर बाजारात, शुद्ध मराठीत, रुपयापर्यंतचा आकडा खणखणीत वाचून दाखवला. माणसं हसून हसून लोळली. पुढच्या बोकडासाठी एकाचा हात टॉवेलाखाली होता. त्यानं तो काढून घेतला. “आता टॉवेल कशाला मामा? तुमचा फोन हाय की,” म्हणाला आणि चालू लागला.

आधी एक माणूस वाचायचा. मी अख्खं गाव ऐकायला बसवलं होतं.

“मामा, कानात इअरफोन घाला.”

“कान झाकू? बाजारात? मग माझ्याकडं ऱ्हायलं काय गं?”

 मामा कानानं माणूस ओळखतो, कानानंच वाट काढतो. ते कान मी त्याला बंद करायला सांगत होते. रविवारी परत गेले आणि सोप्यात आमचं भांडण जुंपलं. मी म्हणाले, आवाज कमी करा. तो म्हणाला, मग मेंढरांपुढं ऐकू कसं येईल? शेवटी चिडून त्यानं माझा हात ओढला आणि बोटं करकचून दाबली. “आसं सांगता येतंय का त्याला? आसं?”

“मामा, फोनला काय बोटं असतात? फार तर थरथरेल तो.”

“मग थरथरू दे की!”

दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला.

आता क्लासमध्ये मी पोरांना प्रोग्रॅम लिहायला शिकवते, पण ते परीक्षेपुरतं. खऱ्या माणसासाठी कधी काही केलं नव्हतं. तरी बसले. पैशाचा मेसेज आला की त्यातला आकडा उचलायचा आणि फोन तसा थरथरवायचा. लांब थरथर म्हणजे पंजा, आखूड म्हणजे एक बोट. सात असेल तर एक लांब, दोन आखूड. शून्यावरून पुन्हा वाद. मामा म्हणे, शून्य कोण दाबतंय? बोकड बघून कळतंय की शेकड्याचं हाय का हजाराचं. मी म्हटलं, शेवटची शून्यं सोडू, पण मधे शून्य आलं तर? “आसला भाव करतंय कोण?” “आवं पण कुणी केला तर?” बराच वेळ टोपी खाजवून मामानं कबूल केलं की तिथं फोननं जरा थांबावं.

पहिल्या खेपेला फोन मेसेज ओळखायलाच चुकला. रिचार्जच्या जाहिरातीतले आकडेही त्यानं मोजले आणि मामा बसल्या जागी लखपती झाला. “ऱ्हाऊ दे की तसंच,” म्हणाला. मी ते दुरुस्त केलं.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम बरोबर गेले. एका तरण्या गिऱ्हाइकाचा आणि मामाचा सौदा टॉवेलाखाली ठरला. “पाठवलं बघा मामा.” फोन मामाच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. तो थरथरला का, मला कळायला मार्ग नव्हता. मामाच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. मग तो हळूच म्हणाला, “एक बोट कमी हाय गड्या.”

पोरानं स्वतःचा फोन पाहिला आणि ओशाळला. “चुकलं, मामा.” चुकलंही असेल. त्यानं राहिलेले पाठवले. मामा क्षणभर थांबला, खिशातली थरथर मोजली आणि मगच त्यानं बोकडाची दोरी पोराच्या हातात दिली. आजूबाजूच्या कुणालाही काही कळलं नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामाला दिसत नाही आणि बाकीची माणसं बोकडं बघत होती, माझ्याकडं बघायला कोण होतं!

एसटीत बसल्यावर मला राहवेना. “मामा, बोकड कितीला गेलं हो?”

“आसं इचारत न्हाईत.”

“आवं, मी केलंय ते सगळं! मला तरी सांगा.”

“व्हय गं, तूच केलंस,” मामा म्हणाला. “पर लय दिस माझं पैसं किती आलं ते मला लोकानी सांगितलं. आज सगळ्यांच्या आधी मला कळलं. जरा ऱ्हाऊ दे की माझ्यापाशी.”

 दोन-तीन थांबे गेले. मग मामानं खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या मांडीवर पसरला आणि त्याखाली माझा हात धरला. पंजा. मग दोन बोटं. मग आणखी एक, त्या पोरानं मागाहून पाठवलेलं. अगं बाई! एवढा भाव? ओरडायला माझं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात पुढच्या बाकावरचा गाववाला मागं वळला.

“काय मामा, कितीला दिलंसा बोकड?”

“हिलाच इचार,” मामा म्हणाला.

माझ्या पोटात कधी काही राहत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तो माणूस माझ्याकडं बघून आधीच हसायला लागला होता.

“मला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. टॉवेलाखाली मामानं माझा हात गाव येईपर्यंत सोडला नाही.