वामननानांच्या भिंतीवरचा गोल

दिवाळीआधी धुळ्यातली माणसे घराला चुना देत. वामननाना आपल्या सायकल दुकानाच्या भिंतीला देत. चुना वाळला की ते गेरू कालवीत आणि भारताच्या महिला फुटबॉल संघाचे सारे सामने क्रमाने पुन्हा लिहून काढीत: प्रतिस्पर्धी कोण, निकाल काय, गोल कोणाचे. शेवटी बेरीज. सामन्यांतले गोल आणि खेळाडूंच्या नावापुढचे गोल सारखे आले की कुंचला पाण्यात बुडवून म्हणत, "बेरीज जुळनी, भिंत खरी."

माझी अर्ज लिहिण्याची बैठक त्या दुकानासमोर, कोर्टाच्या कुंपणाशी होती. माझी शाळा सातवीत सुटली. तथापि माझ्या मजकुरात खोट काढणारा अधिकारी धुळे-जळगावात अद्याप झालेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो. नानांना त्याचे काही नसे. सकाळी हवा भरता भरता ते विचारीत, "काय वकीलसाहेब, आज कोनं घर फोडं?"

ते ऐंशीच्या दशकाचे दिवस होते. महिला संघाची बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन ओळींची येई, कधी तीही नसे. नाना खेळाडूंना पोस्टकार्डे टाकून गोल विचारीत. एवढा खटाटोप कशासाठी, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "बाप्यासनं लिखाले दुनिया बसेल शे. ह्या पोरीसनं कोन लिखी?" त्या दिवसापासून मी त्यांना मनोमन मोठा माणूस मानले.

त्या भिंतीवर शिंदखेड्याच्या कमलचे नाव होते. ती देशाकडून खेळली होती आणि एका परदेशी संघाविरुद्धचा विजयी गोल तिचा होता. पुढे सोनगीरला लग्न झाले आणि सासरच्यांनी रिवाजाप्रमाणे तिचे नाव बदलून सुनंदा ठेवले. नानांनी भिंतीवर कमलच राहू दिले. "मैदानले सासर नही ऱ्हास," ते म्हणत.

नव्वदच्या सुमारास कमलच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली. त्याच वेळी धुळ्यातल्या एका शिक्षण संस्थेत क्रीडाशिक्षिकेची जागा निघाली. देशाच्या संघातल्या उमेदवार दोनच होत्या, कमल आणि संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. जिच्या नावावर गोल तिला जागा, असे ठरले. संघाच्या कचेरीला विचारले, तर गोल कोणी केले याची नोंद आमच्याकडे नाही, असे उत्तर आले. उरली ती नानांची भिंत.

कमल माझ्यासमोर बसली तेव्हा नाना रस्ता ओलांडून आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुना गोल मनी भिंतवर शे. तो कोन पुसी?" मी अर्ज लिहिला. त्यातले एक वाक्य मला आजही पाठ आहे: "उपरोक्त बाबीच्या पुराव्यादाखल वामननाना यांच्या भिंतीची समक्ष पाहणी व्हावी." इतका भक्कम पुरावा मी कोणत्याही अर्जाला जोडला नव्हता.

पाहणी दिवाळीनंतर ठेवली गेली. मधल्या काळात रस्तारुंदीत नानांचे दुकान गेले. त्या संस्थेने त्यांना आपल्या मैदानाची लांबलचक भिंत दिली आणि तिच्या टोकाला दुकानापुरते पत्र्याचे शेड दिले. आता गेरू नको, ऑइलपेंट वापरा, असेही सांगितले. मला आनंद झाला. मी त्यांना हारही घातला.

पाहणीच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब, कमल आणि मी त्या नव्या भिंतीसमोर उभे राहिलो. सारे सामने जागच्या जागी होते. कमलच्या सामन्याचा निकालही बरोबर होता. गोलाच्या रकान्यात अध्यक्षांच्या पुतणीचे नाव होते.

"नाना, हे काय?" मी विचारले.

ते चाकाच्या तारा आवळीत होते. मान वर न करता म्हणाले, "भाऊ, एक गोलसाठे बठ्ठ्या, साऱ्या पोरी रस्तामा जाऊ देऊ का मी?"

त्यांनी मला भाऊ म्हटले ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला ती शिवी वाटली.

साहेबांनी भिंतीवरचे नाव उतरवून घेतले. कमल मात्र भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओठ हलवत चालत गेली. शेवटच्या आकड्यापाशी थांबून म्हणाली, "बेरीज जुळनी, नाना. मंग बठ्ठं बरोबर शे." एवढे बोलून ती सोनगीरच्या बसकडे निघून गेली. पुढे ती जळगावला एका डाळमिलमध्ये निवडायला लागली, असे कळले.

मी नानांशी पुन्हा बोललो नाही. परंतु जाता-येता भिंत दिसे. दिवाळीआधी ते प्रत्येक ओळीवर नवा रंग चढवीत आणि कमलच्या सामन्याची ओळ तेवढी सोडून पुढे सरकत. शतक संपता संपता ते गेले, तेव्हा ती ओळ जवळपास विटून गेली होती. शोकसभेत कोणीतरी म्हणाले की नानांना त्या गोष्टीचा पश्चात्ताप झाला होता, म्हणून ते तिला हात लावीत नसत.

मी ते मानत नाही. खरे नाव लिहायला जेवढा रंग लागला असता, तेवढा दरवर्षी त्यांच्या डब्यात उरत असे.