छातीवरचा पाटा

माझी शाळा सातवीत सुटली. रूपक म्हणजे काय ते मला आईनं शिकवलं, तेही मी इतक्या लांब, लुधियानातल्या कारखान्यात असताना, फोनवर.

गावी एकटी राहणाऱ्या आईचं दुखणं नेहमी कशासारखं तरी असतं. कधी मुंग्या आल्यासारखं, कधी सुई टोचल्यासारखं. ‘सारखं’ म्हणणारा माणूस दुखण्यापासून हातभर लांब उभा असतो. आज सकाळी ती म्हणाली, “छातीवर पाटा आहे रे.” मध्ये हातभरही जागा उरली नव्हती.

मी शेजारच्या काकूंना फोन केला. “आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.”

तीन तास यंत्रासमोर नुसता उभा होतो. मग काकूंचा फोन आला, “वेळेत आणलं म्हणाले डॉक्टर. घे, बोल.” काकूंचे उपकार कसे फेडू?

आई हळूच म्हणाली, “आता नुसतं पाट्यासारखं वाटतंय.”

मी यंत्र सुरू केलं.