बोंबलांच्या बर्फावरची बाटली

डहाणूहून कासाला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या बोंबलांच्या टबाशेजारी एक मुलगी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. बर्फ टिकलाय का, ते पाहायला सारखी झाकण उघडायची. अर्थात बर्फ वितळला.

"काय आहे गो त्यात?"

"मावशी, प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवल्यात. जंतूंना भोकं पाडणारी पूरक प्रथिनं शरीरात मुख्यतः यकृत बनवतं. या पेशी बशीत, यकृताविना, स्वतः बनवतात. डब्यातल्या बाटलीत त्या पेशी ज्यात वाढल्या, तेच पाणी आहे. तापलं तर सगळी मेहनत फुकट."

"म्हणजे सासूविना रांधतात!"

मी टबातला बर्फ तिच्या डब्यात भरला आणि कासा येईपर्यंत झाकणावर कोपर दाबून ठेवलं.

"डब्याला बोंबलांचा वास लागलाय. तुझे साहेब विचारतील," मी म्हटलं.

"सांगेन, पेशींनी बोंबीलही बनवले," ती गंभीरपणे म्हणाली, जीपमधून उतरली आणि झाकण उघडून बघू लागली.