वाकडी करंगळी

माझ्या भावजयीला कारखान्यात सगळे मोजमापबाई म्हणतात. कारखाना म्हणजे तरी काय, एक पत्र्याची शेड. भिंतींना लावायचे शोभेचे दगड आम्ही बनवतो. सिमेंट, बारीक वाळू आणि रंग कालवून साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी दगड काढायचा. तर ही बाई सगळं तोलून घेते. सिलिकॉनचे दोन भाग मिसळताना एकदा वजन करते, भांडं उचलून परत काट्यावर ठेवते आणि पुन्हा बघते. मला बघूनच वैताग येतो.

साचे आम्ही बाहेरून आणायचो. मग रस्त्याचं खोदकाम चाललं होतं तिथे तिला एक दगड सापडला, पापुद्र्यावर पापुद्रे असलेला. तो तिने स्कूटरवर मांडीत धरून आणला. "ताई, याचा साचा मी करणार," म्हणाली. माझा भाऊ हसला. पण बाई हट्टी. आधी साबणाच्या वडीचा साचा केला, मग विटेचा, तोही एकटीने, सगळे जेवायला गेले की. दोन्ही झकास निघाले. तेव्हा भावाने सिलिकॉनचे चार डबे आणून दिले आणि म्हणाला, "जमलं तर इथून पुढे साचे तू करायचे. नाही तर आपले बाहेरचेच बरे, तू नुसती ओतत जा."

नुसती ओतत जा! ते तिला फार लागलं. मला माहीत आहे ना, तो शब्द ती भांडी घासतानासुद्धा पुटपुटायची.

म्हणून मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे मदतीला. सिमेंटने तिचे हात फुटलेले बघून मीच हातमोज्यांचा खोका आणला होता, पातळ रबराचे, डॉक्टर घालतात तसले. ती काही ते घालेना. "त्यात हाताला काही कळत नाही हो," म्हणे. मग मी इरेला पेटून स्वतःच घालायला लागले. हौसेने आणलेत तर वापरायला नकोत?

दगड फळीवर चिकटवला. भोवती लाकडी चौकट ठोकली, फटी बुजवल्या. मी दगडावर तळहात दाबून बघितलं, नीट बसलाय ना. मग तिने एका कोपऱ्यातून सिलिकॉनची बारीक धार धरली. धार बारीक असली की बुडबुडे राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी साचा सोलून काढला, तर आतून जागोजागी चिकट. बोटाला पाकासारखी तार येत होती. भावाने पत्र्याच्या तुकड्याने ते सगळं खरवडून काढलं.

"मोजताना चुकलीस," मी म्हटलं.

"माझंच काहीतरी चुकलं असेल, ताई."

दुसऱ्या खेपेला तिने तीनदा वजन केलं. तेच! मी आवाज चढवला, "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" तिसऱ्या खेपेला काटाच बदलला. तरी तेच. चिडून चिडून माझं डोकं दुखायला लागलं. आणि ही आपली प्रत्येक वेळी तेच तेच, माझंच चुकलं असेल.

भावाने हात झटकले. "बस झालं. दुपारी फोन करून साचे मागवतो. उरलेला डबा परत करू."

तिने झाडू घेतला आणि सकाळीच झाडलेली शेड पुन्हा झाडायला लागली, आमच्याकडे पाठ करून. ते मला बघवेना. तिला ओरडायचा हक्क माझा, पण तिने असं मुकाट्याने हार मानायची? छे! म्हटलं, मालच भेसळीचा असणार. दुकानदाराला फोन लावला आणि त्याची चांगली दहा मिनिटं हजेरी घेतली. माझा दम संपल्यावर तो म्हणाला, "बाई, हातमोजे कुठले घालता?"

"त्याचा इथे काय संबंध? पातळ रबराचे."

"तेच ते. या सिलिकॉनला रबराचं वावडं आहे. त्या मोज्याचा हात दगडाला लागला की तेवढ्या जागी ते आळत नाही, चिकटच राहतं. उघड्या हाताने करा, नाही तर दुसरे मोजे आणा."

मी फोन ठेवला. तिसरा साचा अजून खरवडला नव्हता. तो खिडकीपाशी नेला. चिकट जागा चमकत होत्या. एक मोठी, तळव्याएवढी. तिच्यावर चार लांब पट्टे, बाजूला अंगठा. चौथा पट्टा टोकाशी बाहेर वळलेला. लहानपणी माझी करंगळी दारात सापडली होती, तेव्हापासून ती तशीच वळलेली आहे.

साबणाच्या आणि विटेच्या वेळी मी नव्हते मदतीला.

मी तिला हाक मारली. साचा दाखवला, दुकानदाराचं सांगितलं, शेजारी माझा हात ठेवला. तिने साच्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझंच चुकलं, ताई. मी आधीच विचारायला हवं होतं त्यांना."

"गप्प बस!" मी अशी ओरडले की झाडू तिच्या हातून पडला. "खबरदार पुन्हा तसं म्हणालीस तर!"

भाऊ शेडच्या त्या टोकाला थरथरत्या टेबलावर साचे ठोकत होता. त्या टेबलाला आम्ही थंडीताप म्हणतो, ते सुरू असलं की कानठळ्या बसतात. मी होते तिथूनच ओरडले, "माझं चुकलं! तिचं नाही!"

"काय?" त्याने कानाला हात लावला.

तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण तिने ते चारदा म्हटलं होतं, तेही न चुकता. मी चालत गेले, टेबलाचं बटण बंद केलं, आणि सगळे बघत असताना पुन्हा म्हणाले.

मागे वळून बघते तर तिने चौथा डबा उघडून काट्यावर ठेवलासुद्धा होता.