वॅगन, सेडान आणि पन्हाळ्याचा उतार

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा सांगायची शेवटची सोयही गेली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — म्हणजे यातही भित्रेपणाच आहे.

विषय दोन मोटारींचा आहे. हसू नका. मीही तेव्हा हसत होतो.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि एका विद्यार्थी वसतिगृहाचा चिटणीस होतो. वसतिगृहाकडे दोन गाड्या होत्या. एक जुनी काळी सेडान, अध्यक्षांनी दान दिलेली. अध्यक्ष माजी सरदार. संस्थान गेल्याची बातमी त्यांच्या मिशांपर्यंत अजून पोचली नव्हती. सेडानला मखमली पडदे होते. ती फाटकातून आत आली की शिपाई उठून उभा राहायचा — आत कुणी नसलं तरी. दुसरी नवी स्टेशन वॅगन. लाकडी अंगाची, दिसायला कपाटासारखी, पण मागे दहा पोती धान्य मावायचं. पेट्रोल कूपनवर मिळे, म्हणून एकच गाडी ठेवायचं ठरलं. अध्यक्षांना सेडान हवी होती, मला वॅगन.

माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. त्याचा उपयोग काय?

दोन्ही गाड्या चालवायचा तो दादू. चाळिशीचा, काटक, तोंडाचा फटकळ. त्याला विचारलं तर म्हणाला, "मास्तर, सेडान म्हंजे म्हातारी पाटलीण. बसून ऱ्हाती, पर खाती कमी. वॅगन ही नवी सून. राबती लई, आनि खाती बी लई." हे मला ऐकायचं नव्हतं. मला पडदे हरलेले बघायचे होते.

अध्यक्षांनी भर बैठकीत परीक्षा लावली. पन्हाळ्यावर आमची एक शाखा होती. दोन्ही गाड्यांनी सारखंच ओझं घेऊन तिथे जाऊन यायचं, टाकीत मोजून दोन गॅलन घालायचे, आणि परतल्यावर उरलेलं बघायचं. साक्षीदार म्हणून त्यांनी मलाच नेमलं. पडदे बाळगणारा माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

सकाळी सेडान जाऊन आली. चांगलं निम्मं पेट्रोल उरलं. दुपारी वॅगन निघाली, आणि चढावरच मला कळलं — ही हरणार.

मग परतताना, उतार लागला तिथं, मी दादूला इंजिन बंद करायला सांगितलं.

"असलं नगा सांगू, मास्तर. इंजनच धरून ठेवतंय गाडीला. निस्त्या ब्रेकवर ही हातात ऱ्हायची न्हाय."

"एकदाच रे. कोण बघतंय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी म्हणताय म्हणून," म्हणाला आणि किल्ली फिरवली.

ती शांतता मला अजून ऐकू येते. चाकांचा आवाज, लाकडाची कुरकुर, वारा — आणि दादू श्वास रोखून बसलेला. मला काय वाटत होतं? सांगतो. मजा वाटत होती.

वॅगन जिंकली. थोडक्यात, पण जिंकली. अध्यक्षांनी हार मोठ्या मनानं मान्य केली, सेडान विकली, आणि नियम घातला: यापुढे पन्हाळ्याच्या फेरीला वॅगननं परीक्षेत जेवढं जाळलं तेवढंच पेट्रोल मिळेल, थेंबभर जास्त नाही. मास्तरांच्या साक्षीनं सिद्ध झालंय. मी त्या बैठकीत होतो. मान हलवली — होकारार्थी.

पंधरा दिवसांनी दादू माझ्या दारात आला. "मास्तर, एवढ्यात भागंना की वो. दर खेपेला उतारावर बंद करून आनतोय. सांगा की त्यास्नी कायतरी."

मी म्हणालो, बघतो.

काय बघायचं होतं? एक वाक्य बोलायचं होतं. 'मी लबाडी केली.' तीन शब्द. मी चार महिने ते बोललो नाही. दादू दिसला की दुसऱ्या बाजूला बघायचो. दर आठवड्याला तो उतरत होता, इंजिन बंद करून, आणि मी वर्गात सरदारांच्या खोट्या फुशारक्यांवर पोरांना हसवत होतो.

मग एकदा येताना वॅगनमध्ये चुलीसाठी लाकूड भरलेलं होतं. उतारावर ब्रेक तापले आणि धरेनासे झाले. एका अंगाला दरी होती. दादूनं गाडी डोंगराच्या अंगावर घातली. तो वाचला.

तो बरा झाल्यावर चौकशी झाली. अध्यक्ष, दोन सभासद, आणि टिपण घ्यायला मी. अध्यक्षांनी विचारलं, "इंजिन बंद करायचं हे तुला शिकवलं कुणी?"

दादूनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी दौतीत टाक बुडवत होतो. त्याला वाटलं असेल, मास्तर आता बोलतील. वाट बघण्याइतका वेळ त्यानं मला दिला. नंतर म्हणाला, "कोन शिकवनार, सरकार? माझंच डोस्कं."

मी ते लिहून घेतलं. 'डोस्कं' कागदावर बरं दिसेना, म्हणून शुद्ध केलं: चालकाने स्वतःच्या अविचाराने इंजिन बंद केले. त्याला कामावरून कमी केल्याचंही त्याखाली मीच लिहिलं. मग सगळं वाचून दाखवलं.

दादूला सही करता यायची. पण उजवा हात कोपरापासून गेलेला. त्यानं डावा अंगठा पुढे केला. त्याला शाई मी लावली.